सुतकातली इर्जिक

माझी पोरगी जर्मनीला गेली ती माती न उकरता शेती कशी करायची हे शिकायला. गावात मी हे असंच सांगायचो आणि लोक हसायचे. मीही हसायचो. मी चौथीपर्यंत शिकलो, पुढचा जन्म बैलांच्या मागे चालण्यात गेला. ज्या रानाला वखर लागला नाही ते पडीक, असं माझं मत होतं आणि ते मी तिच्या तोंडावर सांगितलं होतं.

ती परभणीला शेतीची पदवी शिकली. तिथल्या एका मास्तरांनी तिला बाहेरच्या देशात अर्ज करायला लावले. जर्मनीचं बोलावणं आलं तेव्हा पासपोर्ट कसा दिसतो हेसुद्धा आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या चौकशीला सेनगावकडून पोलीस आला. पोरीची वागणूक कशी आहे हे त्याला गावात विचारायचं होतं. मी रानात होतो म्हणून त्यानं पारावर बसलेल्या आमच्या धुरेकऱ्याला विचारलं. धुरेकरी म्हणजे ज्याच्या आणि आपल्या रानात फक्त एक धुरा, म्हणजे बांध असतो, तो माणूस. पहिलं भांडण त्याच्याशीच होतं आणि अडचणीला पहिला तोच येतो. आमचा धुरेकरी भावकीतला नाही, जातीतलाही नाही, पण दोघांची हयात एका धुऱ्यावर गेली. तो पोलिसाला म्हणाला, "पोरगी सोन्यासारखी हाय. फकस्त बापासारखी फटकळ हाय. त्ये तुमच्या कागदात कुठं बसत असंल तर लिवून घ्या." पोलिसानं चहा घेतला आणि गेला. पासपोर्ट आला.

तिच्या मायचं म्हणणं होतं की आधी लग्न करावं. मग म्हणाली, जाऊ द्या. का बदललं ते मी विचारलं नाही.

तिथून पोरगी फोनवर बोलायची तेव्हा आम्ही दोघं ओसरीवर बसून ऐकायचो. तिथं म्हणे गाडी ज्या मिनिटाला सांगितली त्या मिनिटाला येते. दुपारी चारला अंधार पडतो. तिची मास्तरीण पांढऱ्या केसांची बाई, सायकलवर येते आणि स्वतः फावड्याने माती खणून त्यातली गांडुळं मोजते. हे ऐकून तिची माय पदर तोंडाला लावून हसली. गांडुळं मोजायला एवढ्या लांब जायचं होतं तर ओढ्याकाठी काय कमी होती, म्हणाली. पोरगी चिडली नाही. सुट्टीच्या दिवशी ती तिथल्या एका शेतकऱ्याकडे कामाला जायची, गाजरं काढायला. गारठ्याने बोटं वाकत नाहीत म्हणायची. इथं तिने कधी माझ्याबरोबर सोयाबीन सोंगलं-कापलं नव्हतं. मी ते बोलून दाखवलं.

दुसऱ्या वर्षी तिच्या कॉलेजातले लोक तिला ब्राझीलला घेऊन गेले. तिथं आपलंच सोयाबीन आहे, पण कोणी नांगरत नाही. आधी गवत वाढवतात, मग जड लोखंडी रूळ फिरवून ते आडवं पाडतात आणि त्यातूनच पेरतात. नजर पोचते तिथपर्यंत एकच रान. तिने ते फोनमध्ये दाखवलं. तिच्या मायनं विचारलं, तिथल्या बाया खुरपायला कधी जातात. पोरगी म्हणाली, तिथं खुरपं नसतं. मायला ते खरं वाटलं नाही.

"मंग बाया दिसभर करत्यात काय?"

"आय, तिथं पन कामं असत्यात."

"असतील," ती म्हणाली, पण तिचं समाधान झालं नाही. पुढे किती तरी दिवस ती मधेच तो विषय काढायची.

त्यानंतर पोरीने मोठ्या पदवीसाठी नाव घातलं. त्याला स्वतःचा प्रयोग लागतो. तिला तो आपल्याच काळ्या रानात करायचा होता. ओढ्याकडचा एकराचा तुकडा तिने मागितला. अर्धा नेहमीसारखा वखरायचा, उरलेल्या अर्ध्याला हात लावायचा नाही. पहिल्याने सोयाबीन, मागून हरभरा, कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, जागेवरच पसरायचं. बी हाताने भोकात एकेक टोबायचं. तण उपटायचं नाही, वरून विळ्याने कापायचं. चार वर्षं त्या अर्ध्या एकराची माती पलटता कामा नये. एकदा जरी पलटली तरी सगळं वाया, हे तिने मला इतक्यांदा सांगितलं की मी म्हणालो, बाई, मी बहिरा नाही.

मी तुकडा दिला, पण त्यात काम केलं नाही. ते तिच्या मायनं केलं, आणि गावाला तो तिचाच तुकडा वाटायचा; पोरीचा प्रयोग आहे हे आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे रानात गवत दिसलं की लोक बाप्याला काही म्हणत नाहीत, घरातल्या बाईला नाव ठेवतात. तिला बायका म्हणायच्या, तुझ्या रानात वाघ लपंल. ती म्हणायची, लपू द्या, तुमच्याकडं येनार न्हाई. कोणाची शेळी आत शिरली तर हाकलायला ती उन्हात पळायची. पोरीने हद्द दाखवायला ठोकून ठेवलेल्या लाल रंगाच्या खुंट्या हलल्या की दगडाने पुन्हा ठोकायची. पोरगी उन्हाळ्यात यायची, पिशव्यांत माती भरायची, परभणीला तपासायला न्यायची आणि परत जायची. अशी तीन वर्षं झाली. चौथ्याचं पीक निघालं की तिचं काम पुरं होणार होतं.

वैशाख संपता संपता तिची माय सकाळी न्हाणीपाशी बसली आणि आडवी झाली. हिंगोलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेली. अग्नी मी दिला. पोरगी विमानं बदलत आली तोपर्यंत राख नरसीला कयाधू नदीत सोडून झाली होती. तिने मायचं तोंड पाहिलं नाही. रडली, मग घर सांभाळायला आलेल्या माझ्या पुतण्याच्या बायकोबरोबर कामाला लागली. मी ओसरीत घोंगडीवर उघड्या डोक्याने बसलेलो. भेटायला येणारे तेच तेच बोलायचे. मीही तेच तेच उत्तर द्यायचो. आमी तूर लावनार हाव, आमी हळद काढली, असं माझ्या तोंडून निघायचं. एकटा माणूस 'आमी' म्हणतो हे कोणाला खटकलं असेल तर ते बोलले नाहीत. ती सवय अजून आहे.

सुतकात घरच्यांनी रानात जायचं नसतं. मृग तोंडावर आला होता. गावात सगळ्यांची रानं तयार होत होती आणि माझं तसंच पडून होतं. धुरेकऱ्याने ते रोज पाहिलं. मग त्याने इर्जिक बोलावली.

इर्जिक आता फार होत नाही. पूर्वी एखाद्याचं काम मागे पडलं की तो गावाला हाक द्यायचा, सगळे आपापले बैल घेऊन यायचे, दिवसभरात रान उरकायचे आणि त्याच्याकडे जेवून जायचे. पण ज्याच्या घरी मरण झालं त्याच्यासाठी इर्जिक करायची असेल तर त्याला विचारत नाहीत. विचारलं की तो नको म्हणतो, आणि एकदा नको म्हणाला की जाता येत नाही. म्हणून हाक दुसराच देतो. जेवणही आपापलं आणायचं, कारण सुतकाच्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही. ही रीत आहे. मीही दुसऱ्यांच्या रानात अशीच वखरं हाकली आहेत आणि कोणाला विचारलेलं नाही.

धुरेकरी पुसेगावच्या वाटेवर तांडा आहे तिथंसुद्धा सांगून आला. सकाळी बैलजोड्या आणि दोन ट्रॅक्टर घेऊन लोक गेले. मला त्यातलं काही कळलं नाही. दुपार कलल्यावर ते सगळे अंगणात आले, धुळीने भुवया पांढऱ्या झालेले. धुरेकरी पुढे झाला आणि म्हणाला, "उठ गड्या, टोपी घाल. तुझं रान तळहातावानी करून ठिवलंय." मी हात जोडले. माझ्या डोळ्याला पाणी आलं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग त्याने दारापाशी एक भारा ठेवला. लाल खुंट्यांचा. सुतळीने नीट बांधलेला. एकही मोडलेली नव्हती.

पोरगी पाणी भरून घागर घेऊन दारात आली ती तिथंच थांबली. खुंट्यांकडे पाहिलं, मग काकांकडे. धुरेकऱ्याला ती काका म्हणते. तिने विचारलं, "काका, ओढ्याकडचंबी वखरलं का?"

"समदं. एक कोपरा सोडला न्हाई. त्यो वहिनीचा गवताचा तुकडा तं दोनदा वखरला, लय माजला होता. म्हनलं, आता ती माउली गेली, त्याच्याकडं कोन बघनार हाय? तुझ्या बापानं जावं अन त्ये गवत बघून रडावं व्हय?"

पोरगी म्हणाली, "लई दमलेत तुमी. बसा." घागर आत ठेवली, शेजारणीच्या घरी गेली आणि तिच्या चुलीवर चहा करवून घेऊन आली, कारण आमचा चालला नसता. सगळ्यांना तिने स्वतः दिला. तांड्यावरचा एक म्हातारा कप परत देताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. ते लोक खूश होऊन घरी गेले. दिवसभर राबले होते, खूश व्हायला हक्कच होता त्यांचा.

ते वळणाला लागले आणि मी काठी घेतली. मला गावात सगळे ओळखतात. मनात आलं ते मी बोलतो, मग समोर तहसीलदार असो की व्याही. धुरेकऱ्याला गाठून त्याच्या तोंडावर सांगायचं ठरवलं की माझ्या पोरीच्या तीन वर्षांवर तू वखर फिरवलास. पोरगी दारात आडवी आली.

"बाबा, आज बोलायचं न्हाई."

"काहून? त्याला कळाया नको?"

"कळल. पन आज न्हाई. आज त्यायच्या अंगाची धूळबी उतरली न्हाई."

मी बसलो. मला ते पटलं नव्हतं, पण तिचं तोंड तिच्या मायसारखं झालं होतं आणि त्या तोंडापुढे माझं घरात कधी चाललं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं रान पाहायला गेलो. सुतकात जायचं नसतं तरी गेलो. धुऱ्यापासून ओढ्यापर्यंत सगळं एकसारखं, काळं, भुसभुशीत. कुठपर्यंत प्रयोग आणि कुठून नेहमीचं, हे सांगता येत नव्हतं. पेरणीला याहून चांगलं रान मी माझ्या हाताने कधी केलं नाही, हे मला कबूल करावं लागेल. पोरगी मधोमध उभी राहिली. म्हणाली, "काम लय चांगलं केलंय ह्यायनं." मग हसायला लागली आणि त्यातच रडायला लागली. मी धुऱ्यावर बसून राहिलो. जवळ जाऊन काय करायचं असतं ते तिच्या मायला यायचं.

मी तिला एकच विचारलं. तिकडे जर्मनीत कोणाला कळणार आहे? इथं कोण येतंय बघायला? मागल्यासारख्या पिशव्या भर आणि ने. ती म्हणाली, "असं न्हाई करता येत, बाबा."

दुसऱ्या दिवशी ती मास्तरणीशी फोनवर बोलली. मी बाजूला बसलो होतो. मला भाषा कळत नाही, पण त्या बाईचं तोंड दिसत होतं. ती पुन्हा पुन्हा एकच काहीतरी विचारत राहिली. नंतर पोरीने सांगितलं, ती विचारत होती की ज्यांनी हे केलं त्यांचं तुमच्याशी भांडण आहे का. पोरगी म्हणाली, नाही, त्यांनी मदत केली. बाई म्हणाली, मग मोडलं कोणी? असं ते किती तरी वेळ चाललं. शेवटी बाईने दोन वाटा सांगितल्या. एक, ब्राझीलच्या रानातली माती आहे, तिच्यावर लिही, वेळेत पदवी घे, ब्राझीलच्या संशोधन केंद्रात तुझ्यासाठी जागाही धरून ठेवलीय. दुसरी, इथंच पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. त्यात वर्षं जातील आणि ती जागा तोवर थांबणार नाही. परत येताना काय ते ठरवून ये.

मी सांगितलं, ब्राझीलचं घे आणि मोकळी हो. मी एकटा आहे म्हणून इथं अडकू नको, मला भाकरी थापता येते. माझी भाकरी कशी होते ते तिला माहीत होतं.

तेरवीच्या जेवणाला इर्जिकीचे सगळे लोक होते. आता सुतक फिटलं होतं, म्हणून त्यांनी आमच्या घरचं खाल्लं. अंगणात पंगत बसली. पोरगी वाढत होती. शेवटची पंगत उठायच्या आधी ती धुरेकऱ्याच्या पानासमोर भांडं घेऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की मला तुमच्याकडून अजून एक इर्जिक पाहिजे. धुरेकऱ्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, सांग की, कोणतं रान राहिलं. ती म्हणाली, रान नाही. ज्याला जमेल त्याने आपल्या रानातली एक पट्टी मला द्यायची. ती नांगरायची नाही, वखरायची नाही, काही करायचं नाही. पेरणी मी सांगेन तशी.

लोक हसले. तांड्यावरचा म्हातारा म्हणाला, ही बिनकामाची इर्जिक पहिल्यांदाच पाहतो. धुरेकरी मात्र हसला नाही.

"म्हंजे आमी त्या दिशी चूक केली का, बाई?"

मला वाटलं, ती नाही म्हणेल. मला तर तिने तोंड उघडू दिलं नव्हतं. ती म्हणाली, "व्हय, काका. तिथं माझा परयोग होता, त्यो मोडला. तुमाला ठावं नव्हतं."

अंगणात कोणी जेवेना. धुरेकऱ्याने हात पानातच ठेवला होता.

"अन तू आमाला चहा पाजला."

"तुमी दमून आलते."

मग तो म्हणाला, "तुझ्या बापाला इचार, धुऱ्याच्या पायी आमची किती भांडनं झाली. ह्या मानसाला मी इतभर जागा सोडली न्हाई." माझ्याकडे बोट केलं. "माझी ओढ्याकडची पट्टी घे. तुझ्या बापाचं आवरता आवरता माझंच वखरायचं ऱ्हायलंय. आता त्ये ऱ्हाऊ दे." पोरीने त्याच्या पानात बुंदी वाढली. तो नको म्हणाला, तरी वाढली.

अजून चौघांनी पट्ट्या दिल्या. त्यातल्या दोघांनी पहिल्याच पावसाला वखर घातला. एकाच्या मुलाला ठाऊक नव्हतं, दुसऱ्याला गवत पाहवलं नाही. तांड्यावरच्या म्हाताऱ्याची टिकली, धुरेकऱ्याची टिकली, अजून एकाची टिकली. धुरेकरी सांगायचा, काम करायला माणूस दमत नाही, न करायला दमतो. भाड्याचा ट्रॅक्टर आला की तो पट्टीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा, कारण ट्रॅक्टरवाल्याला पोरीला दिलेल्या शब्दाचं ठाऊक नसतं. त्याच्या बायकोला आता बायका बोलायच्या. ती उलट बोलत नाही, रडते. म्हणून तण कापायला मी जायला लागलो, त्याच्या रानात. माझ्या स्वतःच्या रानात मी तणासाठी कधी वाकलो नव्हतो.

पोरगी जर्मनीला परत गेली. ब्राझीलची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. तिच्या बरोबरीचे पुढे गेले, कोणी आफ्रिकेत आहे, कोणी अमेरिकेत. ती दर उन्हाळ्यात यायची, त्या पट्ट्यांमधली माती घ्यायची. घरात पहिले दोन दिवस आम्ही दोघं फार बोलायचो नाही, मग जमायचं. तिच्या मायचं नाव आम्ही कामापुरतं काढतो. ही साडी तिची, हा विळा तिचा, एवढंच.

यंदा तिला पदवी मिळाली. तिचं पुस्तक जाड आहे, इंग्रजीत आहे, मला त्यातले फक्त फोटो कळतात. आपल्या तीन वर्षांच्या तुकड्याचं काय केलंस, मी फोनवर विचारलं. ती म्हणाली, त्यावरही एक पान आहे, का बंद पडला ते सांगावं लागतं. मास्तरणीचं म्हणणं होतं की अपघात असं लिही. पोरीने ऐकलं नाही. आपल्या अक्षरांत इर्जिक लिहिलं आणि खाली अर्थ दिला. काय अर्थ दिलास, मी विचारलं. तिने इंग्रजीतून मराठीत करून सांगितलं, अडचणीतल्या घराचं काम गावानं मिळून, न विचारता करून देणं.

मी म्हणालो, बराबर आहे.

दुसऱ्या दिवशी पट्टीवर धुरेकरी भेटला तेव्हा त्याला सांगितलं. तो विळ्याला धार लावत होता. त्याने पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मी म्हणून दाखवलं.

"त्ये 'न विचारता' तेवढं काढाया सांग तिला," तो म्हणाला.

मी पोरीला विचारलं. छापून झालंय म्हणाली. त्याला तसंच सांगितलं.